वाचकांचे प्रश्न : बाजारातला मुख्य रस्ता नव्याने करायचा तर

या महिन्यात आलेल्या पत्रांत रस्त्याचीच पत्रं जास्त होती, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून या वेळी एकच विषय घेतलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं बरीच छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न : शहराच्या मध्यातला मुख्य बाजाररस्ता पूर्ण उकरून नवा करायचं घाटतंय. नागरिक समितीत माझं नाव आहे. पहिल्याच मीटिंगला कन्सल्टंटने कॉम्प्युटरवरची चित्रं दाखवली, दगडी फरशी, बाकडी, दिवे, झाडाखाली कॉफी पिणारी माणसं. सगळे खूश. मला मात्र कळेना की आपण योग्य टोकाने सुरुवात करतोय का. — समिती सदस्य

उत्तर : नाही करत. फरशीचा रंग ही शेवटून दुसरी मीटिंग असायला हवी. पहिल्या मीटिंगला टेबलावर एकच कागद पाहिजे, जमिनीखाली काय काय आहे त्याचा नकाशा, आणि तो नसेल (बहुतेक नसतोच, किंवा असतो पण खोटा असतो) तर पहिलं काम तो तयार करून घ्यायचं.

कारण साधं आहे. रस्त्याचं वरचं अंग वीस-तीस वर्षं टिकतं, नीट केलं तर. खालच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाईनी पन्नास ते शंभर वर्षांच्या हिशोबाने टाकलेल्या असतात, आणि जुन्या बाजारपेठेत त्या नेमक्या आयुष्याच्या शेवटाला आलेल्या असतात. दहा वर्षं उरलेल्या पाईपावर तीस वर्षांचा रस्ता केला तर तो दहाव्या वर्षी फुटणार, आणि तेव्हा पाईपाचा खर्च वेगळा, रस्त्याचा पुन्हा वेगळा. म्हणून पाणी, ड्रेनेज, पावसाळी गटार, वीज, गॅस, टेलिफोन-इंटरनेट या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून विचारायचं की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या रस्त्यात तुमचं काय काम निघणार आहे ते आत्ता सांगा, लेखी द्या, आणि निघणार असेल तर आमच्याबरोबर करा. हे बोलायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण प्रत्येकाचं बजेट वेगळं, वर्ष वेगळं, साहेब वेगळा. पण या बैठकीत वर्ष गेलं तरी ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

खालचा शोध घ्यायच्या चार पायऱ्या मानतात. पहिली, जुने नकाशे आणि जुन्या माणसांच्या आठवणी. दुसरी, वर दिसणारी चेंबर, व्हॉल्व्ह, खांब मोजून नकाशाशी ताडून बघणं. तिसरी, रडार किंवा केबल शोधायची यंत्रं फिरवून वरून खुणा करणं. चौथी, प्रत्यक्ष ट्रायल पिट घेऊन डोळ्याने बघणं. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने यासाठी 2002 मध्ये मानकच काढलं आणि 2022 मध्ये ते सुधारलं. त्याच्याही आधी, 1999 च्या सुमारास, पर्ड्यू विद्यापीठाने 71 प्रकल्प तपासले तेव्हा अशा शोधावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी 4.62 डॉलर वाचले असं निघालं. बहुतेक ठिकाणी आपण दुसऱ्या पायरीवर थांबतो आणि टेंडर काढतो.

ट्रायल पिट कधी उघडलेला असेल तर मुद्दाम जाऊन बघा. वर डांबराचे चार-पाच थर, एकावर एक चढवलेले, म्हणूनच दुकानाच्या पायऱ्या रस्त्याच्या खाली गेलेल्या असतात. मग खडी, मग काळपट माती, हातभर खाली गेलं की विटांनी झाकलेली विजेची केबल, तिला चिकटूनच कुणीतरी नंतर घुसवलेला प्लास्टिकचा पाईप, त्याखाली गंजून फुगलेली बिडाची लाईन, जॉईंटमधून थेंब थेंब पाझरतेय आणि भोवतीची माती लोण्यासारखी झालीय. शेजारी एक पाईप असतो जो कुठून येतो आणि कुठे जातो ते कुणालाच माहीत नसतं, तो बंद आहे की चालू हे तोडल्यावरच कळतं. रस्ता खचतो तो ट्रकमुळे खचतो असं आपण समजतो, पण खालची माती अशी धुवून गेलेली असते हे निम्मं कारण असतं.

एडिनबरोचं उदाहरण यात नेहमी देतात आणि ते द्यायलाच हवं. तिथे शहराच्या मध्यातून ट्राम न्यायची होती, त्यासाठी आधी रस्त्याखालच्या लाईनी हलवायच्या होत्या, आणि खोदल्यावर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लाईनी निघाल्या. ठेकेदाराशी भांडणं, काम बंद, मुख्य प्रिन्सेस स्ट्रीट पुन्हा पुन्हा उकरलेला. 2014 मध्ये ट्राम धावली ती ठरल्यापेक्षा आखूड मार्गावर आणि 77 कोटी 60 लाख पौंड खर्चून, ठरल्या रकमेपेक्षा कितीतरी वर. चौकशीचा अहवाल यायला 2023 उजाडलं. सगळा दोष पाईपांचा नव्हता, कारभाराचाही होता, पण ठिणगी तिथे पडली.

खालचं कळलं की मग वर या, आणि तिथेही चित्रांच्या आधी मोजणी. दिवसभरात किती माणसं चालतात, किती थांबतात, किती गाड्या नुसत्याच आरपार जातात, किती खरंच बाजारात येतात. सुट्टीच्या दिवशी वेगळं, पावसात वेगळं. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावा आणि त्यातून आधी फूटपाथ काढा, उरलेलं गाड्यांना. आपल्याकडे उलटं करतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या पुस्तिकेत (आयआरसी 103) कमीत कमी 1.8 मीटर मोकळा फूटपाथ सांगितलाय, मोकळा म्हणजे खांब, विजेची डीपी पेटी, झाड, दुकानाची पाटी सोडून. भर बाजारात तेवढ्याने भागत नाही, पण निदान तेवढा तरी.

प्रश्न : सगळं ठीक, पण पैसा कुठून आणायचा? आमच्या नगरपालिकेची अवस्था पगार निघाला तरी देव पावला अशी आहे. — माजी नगरसेविका

उत्तर : ताई, एका ठिकाणाहून येणारच नाही हे आधी धरून चला. असे रस्ते जगात जिथे जिथे उभे राहिलेत तिथे चार-पाच झोळ्यांतून पैसा आलाय, आणि खरं कौशल्य त्या झोळ्या एकाच वेळी उघडायला लावण्यात असतं.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा निकोलेट मॉल घ्या. 1967 मध्ये झालेला बाजाररस्ता, 1990 च्या सुमारास एकदा बदलला, आणि 2015 ते 2017 मध्ये पुन्हा मुळापासून केला. खर्च सुमारे 5 कोटी डॉलर. त्यात साधारण निम्मी रक्कम रस्त्यालगतच्या मालमत्तांवर विशेष आकारणी लावून उभी केली, बाकीच्यात मोठा वाटा राज्याच्या कर्जरोख्यांचा आणि थोडा शहराचा. म्हणजे ज्यांच्या दारात रस्ता सुधारणार त्यांनी निम्मं उचललं. आपल्याकडे हे ऐकलं की लोक अंगावर येतात, पण कोलंबियासारख्या देशात 1921 पासून कायदाच आहे, सार्वजनिक कामामुळे जमिनीची किंमत वाढली की वाढीतला काही भाग मालकाने द्यायचा, आणि बोगोटात कित्येक रस्ते त्यातून झाले. तत्त्व मला पटतं. अडचण वसुलीची आणि न्यायाची असते, कारण मालक वाढलेल्या भाड्यातून वसूल करतो आणि भाडेकरू दुकानदार मधल्यामध्ये चेपला जातो. आकारणी लावायचीच असेल तर हप्ते मोठ्या मुदतीचे द्या, आणि भाडेकरूला त्यातून वाचवायचं कलम आधी लिहा.

दुसरा मार्ग, बाजारातल्या लोकांनीच संघ करून स्वतःवर थोडा जादा कर लावून घ्यायचा आणि तो पैसा फक्त त्याच बाजारात खर्चायचा. टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये 1970 ला याची सुरुवात झाली, पुढे जगभर पसरलं. यातून रस्ता नाही होत, रक्कम तेवढी नसते, पण झाडलोट, दिवे, कुंड्या, किरकोळ दुरुस्ती होते. आणि तेच तर कुणी द्यायला तयार नसतं.

तिसरा मार्ग पार्किंगचा. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडिनात 1993 मध्ये मीटर लावायचे म्हटल्यावर दुकानदारांनी विरोध केला. मग शहराने कबूल केलं की मीटरचा पैसा याच रस्त्यांवर खर्च होईल, आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर 50 लाख डॉलर आधीच काढून फूटपाथ, दिवे, गल्ल्या सुधारल्या. विरोध मावळला. यात पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो पैसा लोकांना डोळ्यासमोर खर्च होताना दिसला. तोच पैसा शहराच्या सामायिक तिजोरीत गेला असता तर आजही भांडण चालू असतं.

चौथा, भविष्यातल्या करवाढीवर आज कर्ज काढायचं. रस्ता सुधारला की मालमत्तांच्या किमती वाढतील, कर वाढेल, त्या वाढीतून कर्ज फेडायचं. कॅलिफोर्नियाने हे 1952 मध्ये सुरू केलं आणि 2011 मध्ये कायदा करून ते चालवणाऱ्या संस्थाच गुंडाळल्या, कारण वाढीचा सगळा पैसा त्या एका भागातच अडकून शाळांना आणि बाकी सेवांना कमी पडायला लागला. वाढ झालीच नाही तर काय, हाही प्रश्न आहेच. लहान गावाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

सरळ कर्जरोखे हा त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग. भारतात अहमदाबाद महापालिकेने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले होते, पाणी आणि ड्रेनेजसाठी. पण त्याआधी तिने स्वतःची वसुली आणि हिशोब सुधारले होते, ते कुणी सांगत नाही. तुमची पालिका पगारालाच पुरत नसेल तर रोख्यांचा विचार सोडून द्या, आधी घरपट्टीची थकबाकी बघा. आणि कर्ज काढलंच तर एक गोष्ट सांभाळा, वस्तू टिकेल त्यापेक्षा जास्त मुदतीचं कर्ज काढू नका. पाईपासाठी वीस वर्षांचं कर्ज ठीक, बाकड्यांसाठी आणि पट्टे मारायला नाही.

राहिलं वरून येणारं अनुदान. त्याच्यावरच सगळ्यांची भिस्त असते आणि घात तिथेच होतो. अनुदानात तुमचा हिस्सा असतो, अमेरिकेत बहुतेक रस्त्यांच्या कामात केंद्र 80 टक्क्यांपर्यंत देतं आणि उरलेलं स्थानिक लोकांनी घालायचं, बाकी देशांत आकडे वेगळे पण तऱ्हा तीच. कित्येकदा पैसा आगाऊ येत नाही, तुम्ही बिलं भागवायची आणि मग मागायचं, तोवर ठेकेदार दारात उभा. शिवाय अनुदान ज्या कामासाठी असतं तेवढंच त्यातून करता येतं, रस्त्याच्या अनुदानातून पाण्याची लाईन बदलता येत नाही, मग साहेब म्हणतात लाईन नंतर बघू, आणि झाला घोळ सुरू. म्हणून पाण्याच्या लाईनीसाठी पाण्याच्या योजनेतून, ड्रेनेजला ड्रेनेजच्या योजनेतून, विजेच्या केबलींना वीज कंपनीकडून असं वाटून मागा, सगळ्यांचं वेळापत्रक जुळवा, आणि मार्च जवळ आला म्हणून घाईने फरशी बसवून पैसे संपवायचा मोह टाळा. आराखडा आणि सर्व्हे स्वतःच्या पैशातून आधीच तयार ठेवणाऱ्या गावाला अनुदान मिळायची शक्यता वाढते, कारण योजना जाहीर झाली की बाकीचे धावत सुटतात आणि तुमची फाईल तयार असते. हा खर्च पालिकेला जड वाटतो पण करायचा असेल तर हाच करा.

देखभालीसाठी मात्र सहसा कुणी अनुदान देत नाही. दरवर्षी किती लागेल आणि कुठल्या हेडमधून, ते ठरावात लिहून घेतल्याशिवाय कामाला मंजुरी देऊ नका.

प्रश्न : आधी सांगितलेलं एस्टिमेट आणि आताचं यात दीडपट फरक पडलाय. कुणीतरी खाल्लं असंच समजायचं ना? — एक करदाता

उत्तर : खाल्लं असेलही, पण नुसत्या फरकावरून ते कळत नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 मोठ्या वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास छापला, त्यात रस्त्यांचा खर्च सरासरी 20 टक्क्यांनी आणि रेल्वेचा जवळपास 45 टक्क्यांनी वाढलेला निघाला. वीस देशांतले प्रकल्प होते, म्हणजे ही काही एका गावाची खोड नाही.

तुम्ही एवढंच विचारा की पहिला आकडा कुठल्या टप्प्यावर सांगितला होता. चित्रं बघून सांगितलेला आकडा म्हणजे तोंडी हिशोब, त्याला चौरस मीटरचा दर गुणिले लांबी याच्या पलीकडे आधार नसतो. ड्रॉईंग अर्धी झाल्यावरचा आकडा बरा, पूर्ण झाल्यावरचा त्याहून बरा. दुर्दैवाने पेपरात छापून येतो तो पहिलाच आणि पुढारीही तोच धरून बसतात. त्यामुळे सुरुवातीला अनपेक्षित खर्चासाठी भरपूर रक्कम वेगळी ठेवायची आणि जसजसं खालचं कळत जाईल तसतशी ती कमी करत आणायची, हे उघडपणे सांगून. आपल्याकडे एस्टिमेट मुद्दाम बारीक दाखवतात मंजुरी मिळावी म्हणून, आणि मग एक्स्ट्रा आयटमच्या नावाने फुगवतात.

संशय घ्यायचाच असेल तर तो एका ठिकाणी घ्या. टेंडरमध्ये एखाद्या आयटमचा दर विचित्र चढा असेल आणि त्याची मोजणी थोडीच दाखवली असेल, आणि नंतर नेमकी त्याच आयटमची मोजणी वाढली असेल, तर ती फाईल मागवून वाचा. मुरूम भरणं, कठीण खडक फोडणं, पाणी उपसणं हे असे आयटम, कारण झाकल्यावर मोजता येत नाहीत.

प्रश्न : माझं रस्त्यावरच दुकान आहे, चपलांचं. वर्षभर दारात खड्डा राहिला तर मी उठलोच. आम्ही सगळ्यांनी विरोध करायचा ठरवलंय. — दुकानदार

उत्तर : भीती खरी आहे, ती खोटी आहे असं सांगणाऱ्या साहेबांवर विश्वास ठेवू नका. पण विरोध करून काम थांबवण्यापेक्षा काम कसं होईल ते टेंडरमध्ये लिहून घेतलंत तर तुमचा जास्त फायदा आहे. टेंडर निघायच्या आधी, बरं का. नंतर बोललात तर ठेकेदार प्रत्येक अटीचे पैसे मागतो.

काय लिहून घ्यायचं? एका वेळी किती लांबी उघडायची त्याला मर्यादा, आणि आधीचा तुकडा पूर्ण बंद केल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ठेकेदाराला सगळा रस्ता एकदम उकरून ठेवायला आवडतं, खोदाईचं बिल लवकर निघतं, मग तो दुसऱ्या साईटवर जातो आणि तुमच्या दारात पत्रे उभे. प्रत्येक दुकानाला चालत यायची पक्की वाट कायम, कमीत कमी दीड मीटर, फळ्या टाकून नाही तर रेलिंगसकट, बाबागाडी आणि व्हीलचेअर जाईल अशी. माल उतरवायच्या वेळा ठरलेल्या. सणाच्या हंगामात खोदाई बंद, म्हणजे खरंच बंद, अर्धवट उघडी नाही. पाणी-वीज तोडायची असेल तर दोन दिवस आधी लेखी सूचना. उशीर झाला तर दिवसाला दंड आणि तुकडा वेळेआधी झाला तर बक्षीस, दंड एकटा फारसा चालत नाही कारण तो कोर्टात अडकतो. आणि साईटवर एक माणूस असा की ज्याचा फोन नंबर सगळ्या दुकानांत लावलेला आहे आणि तो उचलतो.

काही शहरं कामाच्या काळात दुकानांना बिनव्याजी कर्ज किंवा थेट मदत देतात, काही भाड्यात किंवा करात सूट. मागून बघा. त्यासाठी आत्तापासून विक्रीचे हिशोब महिनावार लिहून ठेवा, नंतर नुकसान सिद्ध करायला तेच लागतात, आणि निम्म्या दुकानदारांकडे ते नसतात.

अर्धा रस्ता चालू ठेवून अर्धा करायचा की पूर्ण बंद करून पटकन संपवायचा, यावर तुमच्यातच दोन तट पडतील. माझा कौल लहान तुकडे पूर्ण बंद करून पटकन संपवण्याला. अर्धा-अर्धा केला की प्रत्येक पाईपाचा मधोमध जोड येतो, वेळ जवळपास दुप्पट लागतो, आणि धूळ दोन्ही वेळा तुम्हीच खाता.

प्रश्न : गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार नाही असं व्यापारी म्हणतात, येईल असं तज्ज्ञ म्हणतात. कोण खरं?

उत्तर : करून बघा ना! कायमचं काम करायच्या आधी ड्रम आणि रंग लावून काही महिने बघता येतं. कोपनहेगनने 1962 मध्ये स्ट्रॉयेट रस्ता असाच प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, दोन वर्षांनी कायम केला. ब्राझीलमधल्या क्युरिचिबात 1972 च्या मे महिन्यात महापौर जैमे लेर्नर यांनी शनिवार-रविवार गाठून मुख्य रस्त्याचं काम केलं, व्यापारी कोर्टात जायच्या आत, आणि थोड्याच दिवसांत तेच व्यापारी पुढचाही भाग करा म्हणाले. ही रीत मला फारशी आवडत नाही, लोकांना न विचारता केलेलं प्रत्येक काम इतकं सुखरूप पार पडत नाही. न्यूयॉर्कने 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवे बंद करून तिथे चक्क घडीच्या खुर्च्या टाकल्या, आकडे गोळा केले, दुसऱ्या वर्षी कायम करायचं जाहीर केलं, आणि पक्कं बांधकाम त्यानंतर. हा क्रम बरोबर.

पण प्रयोगाच्या आधीची मोजणी नसेल तर प्रयोगाचा काही उपयोग नाही, प्रत्येकजण आपल्याला हवं ते बघून घरी जातो. आणि सगळे रस्ते गाड्या बंद करण्याजोगे नसतात. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरने 2010 मध्ये मुख्य रस्ता बंद नाही केला, पाच पदरांचे दोन केले, मधोमध झाडं लावून तिथेच पार्किंग आणि बाजार भरायची जागा केली, सुमारे 1 कोटी 15 लाख डॉलरमध्ये. गाड्या आहेत, पण सावकाश जातात.

प्रश्न : सर, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाजाररस्त्याला डांबर, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक? प्रोजेक्टमध्ये तुलना करायचीय.

उत्तर : तुलना करताना तुमच्या पुस्तकातल्या खर्चाच्या तक्त्यावर थांबू नकोस, त्या रस्त्यावरून सगळ्यात जड काय जातं ते आधी बघ. अमेरिकेत 1958 ते 1960 मध्ये इलिनॉयच्या ओटावाजवळ मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ढोबळ नियम म्हणजे एक्सलवरचं (म्हणजे चाकांच्या एका आसावरचं) वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळा पट. म्हणजे हजारो मोटारींपेक्षा रोजची बस आणि कचऱ्याची गाडीच रस्ता खाते. जिथे बस थांबते आणि वळते तिथे डांबराला लाटा येतात, तेवढ्या पट्ट्यात काँक्रीट घालणं शहाणपणाचं.

काँक्रीट टिकतं, पण खाली लाईन फुटली तर कापणं आणि जोडणं त्रासाचं, आणि पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात म्हणून दुकानांसमोर वेळ खातं. डांबर लवकर चालू होतं, खरवडून पुन्हा घालता येतं, पण पाण्याने मरतं. पेव्हरचा मोठा गुण हा की उचलून खालचं काम करून तेच ब्लॉक परत बसवता येतात. आता तू म्हणशील मग सगळीकडे खड्डे का दिसतात. कारण चुकतं ते ब्लॉकमध्ये नाही, खालच्या थरात आणि कडेला. गाड्यांसाठी 80 मिलिमीटर जाडी, तिरकी वीण (हेरिंगबोन म्हणतात ती), कडेला पक्का कर्ब (म्हणजे कडेचा उभा दगड) आणि सांध्यात वाळू पूर्ण भरलेली, यातलं एक जरी सुटलं तरी ब्लॉक चालायला लागतात. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक रस्ता निवडून तिथले पॅच मोज आणि प्रत्येक पॅच कशामुळे पडला ते लिही, पाईप, पाणी की वजन. परीक्षकाला ते नवीन वाटेल.

प्रश्न : नव्या आराखड्यात फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर दाखवलाय, कर्ब काढून टाकलाय. दिसायला छान आहे. माझे वडील अंध आहेत. त्यांनी चालायचं कसं?

उत्तर : हा प्रश्न समितीत मोठ्याने विचारा. व्हीलचेअरला सपाट जमीन सोयीची पण अंध माणसाच्या काठीला कर्बची कड हीच खूण असते, ती गेली की आपण रस्त्यात आलोय हे कळतच नाही. लंडनच्या एक्झिबिशन रोडवर सपाट रस्ता करताना अंधांच्या संस्थांनी याच मुद्द्यावर मोठा विरोध केला होता, आणि 2018 मध्ये ब्रिटिश सरकारनेच असे नवे सपाट रस्ते करणं तूर्त थांबवा असं स्थानिक संस्थांना सांगितलं. मधला मार्ग आहे, थोडी कमी उंचीची पण काठीला लागेल अशी कड, क्रॉसिंगला उतार, आणि पायाला जाणवणाऱ्या टाइल. या टाइल जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधल्या आणि 1967 ला ओकायामात पहिल्यांदा बसल्या. त्या बसवायच्या तर सलग हव्यात. खांबावर नेऊन सोडणारी पिवळी पट्टी नसलेली बरी. वडिलांना मीटिंगला घेऊन जा आणि रस्त्यावर खडूने आखून त्यांना चालून बघू द्या, आर्किटेक्ट ऐकेल.

प्रश्न : आमच्याकडे रस्ता झाला, उद्घाटन झालं, आणि दोन महिन्यांत केबलवाल्याने उकरला. यावर उपाय आहे का?

उत्तर : आहे, तीन मिळून. एक, रस्ता करतानाच फूटपाथखाली रिकामे डक्ट आणि ठरावीक अंतरावर चेंबर सोडायची, म्हणजे नवीन केबल ओढता येते, खोदायची गरज नाही. बंगळुरूत टेंडरशुअर नावाच्या योजनेत केलेल्या रस्त्यांत हाच मुख्य विचार होता. दोन, नव्या रस्त्यावर ठरावीक वर्षं खोदाईबंदी. सॅन फ्रान्सिस्कोत ती पाच वर्षं आहे, इंग्लंडमध्ये 1991 च्या कायद्यानुसार मोठं काम झाल्यावर अशी बंदी घालता येते. बंदी घालायच्या आधी सगळ्यांना काही महिने नोटीस द्यायची की जे काय करायचंय ते आत्ता करा. फुटलेल्या लाईनीला अपवाद लागतोच, आणि मग सगळेच अपवादात बसायला बघतात, तिथे परवानगी देणारा अधिकारी कोण यावर सगळं ठरतं.

तीन, खोदलं तर भरणार कसं याचा नियम. चर भरताना 15-20 सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर दाबावा लागतो. प्रत्यक्षात काढलेली माती एकदम लोटतात, वरून गाडी फिरवतात आणि डांबर ओततात. पहिल्या पावसात चर बसतो. ज्याने खोदलं त्याच्याकडून पैसे घेऊन पालिकेनेच भरावं, का त्यालाच भरायला लावून दोन वर्षांची हमी घ्यावी, दोन्ही पद्धती आहेत. मी दुसरीच्या बाजूचा, फक्त त्याची अनामत रक्कम हातात ठेवून.

प्रश्न : रस्त्यावर सहा जुनी झाडं आहेत. "वाचवू" म्हणतात. वाचतील का?

उत्तर : खोड वाचवतात, मुळं तोडतात, आणि दोन-तीन वर्षांनी झाड वाळलं की रोग लागला म्हणतात. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. ड्रॉईंगवर झाडाचा ठिपका नको, मुळांचं वर्तुळ दाखवायला सांगा. त्या वर्तुळात जेसीबी नाही, पाईप न्यायचाच असेल तर हाताने खोदून किंवा खालून बोगदा करून, सिमेंटच्या गोण्या आणि खडीचे ढीग तिथे टाकायचे नाहीत, आणि काम सुरू व्हायच्या आधी भोवती पक्कं कुंपण. प्रत्येक झाडाची रक्कम ठरवून ती ठेकेदाराच्या बिलातून कापायची अट टेंडरमध्ये घाला. नव्या झाडांचं म्हणाल तर बुंध्याभोवतीचा खड्डा केवढा दाखवलाय ते बघा, मीटरभर चौकोनात लावलेलं झाड कुंडीतलंच राहतं.